याच्यावर कोणी गेलं का?

आमच्या घरी दिवाण घ्यायचं ठरलं तेव्हा बायकोला वाटलं, नवरा शेवटी माणसात आला. दोन वर्षं ती समोरच्या खोलीसाठी दिवाण मागत होती आणि दोन वर्षं मी ऐकून न ऐकल्यासारखं करत होतो. तेव्हा मी भंडाऱ्याला एका सरकारी ऑफिसात बाबू होतो. भाड्याचं घर, दोन खोल्या, मागे एक लहानशी सपरी, म्हणजे पडवी. आल्यागेल्याला बसायला आधी सतरंजी, आणि बाबा राहायला आल्यापासून समोरच्या खोलीत त्यांची दोरीची खाट. "लोक येतात त त्यायले खाटेवर बसवू काय?" असं बायको म्हणायची, आणि मी पेपरात डोकं घालायचो. एका रविवारी मीच म्हणालो, "चाल, दिवाण पाहून येऊ." ती इतकी खूश झाली की त्या दिवशी चहात दोनदा साखर पडली.

खरं सांगायचं तर मला दिवाण नको होता. मला बाबांची खाट घरातून काढायची होती. दिवाण हे नुसतं निमित्त. आणि खाट का काढायची हे मी कोणालाच सांगू शकत नव्हतो, बाबांना तर नाहीच. त्या खाटेवर माझी माय गेली होती, आणि ही गोष्ट फक्त मला ठाऊक होती.

आमच्या करडी गावाकडे माणसाला खाटेवर जाऊ देत नाहीत. शेवटचं आलं असं दिसलं की जमीन शेणाने सारवतात, माणसाला खाटेवरून उचलून त्या ओल्या जमिनीवर घेतात, तोंडात तुळशीचं पान आणि पाणी घालतात. खाटेवर जीव गेला तर तो धड वर जात नाही आणि धड खाली राहत नाही, खाटेच्या दोरीतच गुंतून बसतो असं मानतात. अशी खाट मग कोणी घरात ठेवत नाही, नदीवर नेऊन सोडतात. माझा यावर विश्वास होता की नाही, हे मला आजही नीट सांगता येत नाही. ऑफिसात बसलो की नसायचा, घरी आलो की असायचा.

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा, भंडाऱ्याला कॉलेजात, दिवाळीच्या सुटीत गावी आलेलो. माय दोन महिन्यांपासून पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळली होती. धान कापणीला आलं होतं आणि मोठ्या मुश्किलीने मजूर मिळाले होते, म्हणून बाबा बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, गेले होते. शेजारच्या बायाही कापणीवर. भर दुपारी घरात मी आणि माय, दोघंच.

"बाबू," ती म्हणाली, "मले खाली घे."

"काहून असं बोलून राहिली?" मी म्हणालो. "सायंकाळी डॉक्टर येनार हाय ना."

ती पुन्हा म्हणाली, "घे ना रे खाली."

मी तिला उचलू शकत नव्हतो असं नाही. तिच्या अंगात तेव्हा काही उरलंच नव्हतं. पण तिला खाली घेणं म्हणजे ती जाणार हे आपल्या हाताने कबूल करणं, आणि ते मला करायचं नव्हतं. "पानी आनतो," म्हणालो आणि मागच्या विहिरीवर गेलो. घरात घडा भरलेला होता. तरी गेलो, दोर सोडला, बादली ओढली, ओतून दिली, पुन्हा ओढली. किती वेळ घालवला माहीत नाही. परत आलो तेव्हा तिचे डोळे उघडे होते आणि ती गेलेली होती.

पुढे मी काय केलं ते मी बारीकसारीक सांगू शकतो, कारण ते मी हजारदा पाहिलं आहे. गोठ्यातून शेण आणलं. खाटेशेजारची जमीन सारवली, कशीबशी, हाताने. मायला उचलून तिथे ठेवलं. तुळशीचं पान तोडून तोंडात घातलं, तर ते आत जाईना. हात धुतले. आणि मग ओरडलो.

धावत आलेल्या बायांना मी सांगितलं, "म्या तिले खाली घेतलं होतं. खालीच गेली." कोणी विचारलंही नव्हतं. पण ते ऐकून बाया माझ्या डोक्यावरून हात फिरवायला लागल्या. "पोरगा असावा त असा. एकला होता, तरी मायले बरोबर खाली घेतलं." बाबा बांधीतून आले, त्यांनीही ते ऐकलं. तेरवीपर्यंत गावाने माझं कौतुक केलं, आणि प्रत्येक कौतुकाला मी मान खाली घालून उभा राहिलो, तर लोकांना तोही माझा चांगुलपणाच वाटला.

खाटेवर कोणी गेलंच नव्हतं, म्हणून खाट घरातच राहिली. तेरवी झाल्यावर बाबांनी तिच्यावर वाकळ टाकली आणि त्या दिवसापासून ते तिच्यावरच झोपू लागले. मी पाहत राहिलो. सांगायची वेळ तेव्हाच होती. पण बारा दिवस कौतुक घेतलेल्या माणसाने तेराव्या दिवशी काय म्हणून तोंड उघडावं?

त्यानंतर मी गावी गेलो की दुपारी घरात थांबत नसे. दुपारी तीनच्या सुमाराला ती मोकळी खाट करकर करायची. उन्हाने दोरी ताणली की कुठलीही खाट करकरते, हे मला समजत होतं, आणि समजून काही उपयोग नव्हता. आवाज फक्त गावातच यायचा असंही नाही. ऑफिसात टाइपरायटर चालू असताना यायचा, एस्टीत खिडकीशी बसलं की यायचा. 'घे ना रे खाली.' तिच्या आवाजात राग नव्हता, नुसती विनवणी होती. रागावली असती तर मी निदान भांडलो असतो.

आठ-नऊ वर्षं अशी गेली. मधे नोकरी लागली, लग्न झालं, मुलगी झाली. मग एका पावसाळ्यात बाबा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, घसरून पडले आणि त्यांची कंबर धरली ती धरलीच. शेत बटईने, अर्ध्या वाट्यावर, दिलं आणि मी त्यांना भंडाऱ्याला आणायला गेलो.

"खाट घेतो," बाबा म्हणाले.

"भंडाऱ्यात खाटा भेटतात ना बाबा."

"भेटत असन. मी हेच घेतो."

एस्टीच्या टपावर खाट चढवताना कंडक्टर म्हणाला, "म्हाताऱ्या, घर घेऊन चालला का लेका?" सगळी गाडी हसली, बाबाही हसले. माझ्या डोक्यावर, पत्र्याच्या पलीकडे, खूर, म्हणजे पाय, वर करून ती पडली होती. भंडारा येईपर्यंत मी खिडकीची दांडी सोडली नाही.

घरी आल्यावर नवीनच सुरू झालं. माझी चार वर्षांची पोरगी दुपारी बाबांजवळ त्या खाटेवर झोपायला लागली. दोघं झोपायची, उठायची, कुजबुजायची. फाल्गुनात तिला ताप आला आणि तो तीन दिवस उतरेना. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली की पोरांना येतोच. मला ते पटलं आणि तरी माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. तिचा ताप उतरला त्याच रविवारी मी बायकोला म्हणालो, दिवाण पाहू.

ठरलं असं की बाबांनीही सोबत यायचं, कारण त्यावर दुपारचं पडायचं त्यांनाच होतं. ते आढेवेढे घेतील असं वाटलं होतं. ते टोपी घालून तयार झाले.

पहिला दिवाण भंडाऱ्यातच पाहिला, जुन्या सामानाच्या दुकानात. कोणी साहेब बदली होऊन जाताना टाकून गेला होता. लोखंडी पाय, वेताची विणलेली बैठक, एका अंगाला डोकं टेकवायला उतरती कड. दिसायला झोकदार होता. बायको म्हणाली, वेत तुटला तर विणणारा कुठून आणायचा? तिचं खरं होतं. बाबा कंबरेवर हात ठेवून वाकले, वेतावरून तळवा फिरवला आणि दुकानदाराला म्हणाले, "याच्यावर कोनी गेलं का?"

दुकानदाराला बरोबर समजलं. "काय बाप्पा काका, सकाळी सकाळी काय इचारता! साहेब चांगला धडधाकट गेला बदलीवर."

"अन् त्याच्या आंधी?"

त्याने तोंड उघडायच्या आत मी बायकोला म्हणालो, वेताचा नकोच, आणि दोघांना बाहेर काढलं.

दुसरा पाहायला आम्ही सानगडीला गेलो. तिथल्या एका जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, घरातलं सामान विकायला काढलं आहे असं ऑफिसात कळलं होतं. असा दिवाण मी पुन्हा पाहिला नाही. सगळा सागवानाचा, पाठीवर वेलबुट्टी, कोपऱ्यांना पितळी गोळे, पाय वाघाच्या पंजासारखे कोरलेले. बाबांना लाकडातलं कळायचं. त्यांनी बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं, पायांच्या तळाला वाळवी आहे का पाहिलं, मला खाली वाकायला लावून सांधे दाखवले. "एक बी खिळा नाही, पाह्य. सारं लाकडाच्या खुंट्यायवर उभं हाय. असं लाकूड आता जंगलात बी नाही." त्यांचे डोळे चमकत होते. मला वाटलं, जमलं. हा घेऊ, कर्ज काढावं लागलं तरी घेऊ, आणि ती खाट आजच्या आज जाईल.

मग बाबांनी विचारलं. विकणारे गृहस्थ साठीच्या घरातले, खुर्चीवर बसलेले.

"माझे वडील दुपारचे यावर पडायचे," ते म्हणाले. "पण गेले ते खाली. मी खाली घेतलं होतं त्यांना. मीच होतो तेव्हा घरात."

घाईने म्हणाले, आणि म्हणून झाल्यावर पितळी गोळ्यावरची धूळ पुसायला लागले. मी त्या माणसाकडे पाहूच शकलो नाही. ते वाक्य मला तोंडपाठ होतं, त्यातली घाईसुद्धा. ते खरं बोलले असतील, मला काय माहीत. पण त्या क्षणी मला खात्री होती की हाही माझ्यासारखाच विहिरीवर जाऊन आलेला आहे. भीती वाटली, आणि त्याचा हात धरून बसावं असंही वाटलं.

बाबा बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. "बरं केलं तुमी," एवढंच म्हणाले आणि उठले.

परतीच्या गाडीत मी विचारलं, "काहून नको म्हनलं? खालीच गेले म्हनून सांगतलं ना त्यायनं."

"सांगतलं," बाबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

बायकोने आता सूत्रं हातात घेतली. "जुनं पाह्यलं की मामाजी इचारतात, अन् इचारलं की तुमी पयता," ती मला म्हणाली; मामाजी म्हणजे बाबा. "नवाच घेऊ." तिला हवा तो दिवाण भंडाऱ्यातल्या नव्या फर्निचरच्या दुकानात होताच. प्लायवूडचा, वरून चॉकलेटी सनमायका, फोमची गादी, आणि गादी उचलली की खाली पेटी, जिच्यात सगळ्या रजया मावतील. मला तो बघवला नाही. सानगडीचा पाहिल्यावर हा म्हणजे पाहुण्यांसाठी केलेला खोका वाटत होता. पण माझ्या आवडीचा प्रश्नच नव्हता. मला वाटलं, आता तरी बाबा विचारणार नाहीत. त्यांनी विचारलंच.

दुकानदार हसला. "काका, कालच तयार झाला. अजून माशी बी नाही बसली याच्यावर."

"मंग ठीक हाय," बाबा म्हणाले. पण ते दुकानदाराकडे पाहत नव्हते.

दिवाण आला, समोरच्या खोलीत बसला, शेजारच्या दोघी पाहून गेल्या. बाबांनी एकदा त्यावर बसून "गुबगुबीत हाय" असा शेरा दिला आणि जेवणानंतर सरळ मागच्या सपरीत गेले. खाट मी तिथे नेऊन ठेवली होती. पोरगी त्यांच्या मागे. असं आठवडाभर चाललं. दिवाणावर कोणीच झोपेना. मी म्हणालो, बाबा, खाटेच्या दोऱ्या सडल्या, काढून टाकू. ते म्हणाले, राहू दे.

मग मी वाईट काम करायचं ठरवलं. एका ठेलेवाल्याला रविवारी दुपारी बोलावलं. खाट वैनगंगेवर नेऊन सोडायची. बाबा त्या वेळी पारावर बसायला जायचे. आल्यावर सांगू, खूर मोडला म्हणून. एक खोटं पचलं होतं, दुसऱ्याला काय होतं.

ठेला दाराशी आला. मी सपरीत गेलो तर पोरगी खाटेवर बसून बाहुलीला झोपवत होती. तिला उतरवून मी खाटेची एक बाजू धरली.

"पप्पा, तिकडून नको उचलू," ती म्हणाली. "तिकडं आजी हाय. पडन ना ते."

माझे हात सुटले. खाट जमिनीवर आपटली. मायचा एकही फोटो आमच्या घरात नव्हता. पोरीसमोर मी तिचं नावही कधी काढलं नव्हतं.

"तुले कोन सांगतलं?"

"आजोबानं. आजी तिकडं झोपते, मी मंधात, अन् आजोबा इकडं."

मी मागे वळलो तर बाबा सपरीच्या दारात उभे होते. पारावर कोणी नव्हतं म्हणून ते परत आले होते. त्यांनी ठेला पाहिला होता. त्यांनी पोरीला आईकडे पाठवलं, ठेलेवाल्याला जायला सांगितलं आणि येऊन खाटेवर बसले. त्यांच्या बसण्याने दोरी करकरली, आणि मला पुढे थांबता आलं नाही.

"बाबा, माय खाली नाही गेली. इथंच गेली, याच खाटेवर. मले दोन खेपा म्हनली, खाली घे. म्या नाही घेतलं. मी खोटं बोललो."

"मालूम हाय," बाबा म्हणाले.

मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही.

"मी बांधीतून आलो त पयले खाटेवर हात ठेवला. खाट गरम होती. तुयी माय नुकतीच उठवली होती तिच्यावरून. अन् तुया नखात शेन होतं, तिच्या ओठावर तुळशीचं पान तसंच होतं. जित्ती असती त तू तिले सोडून शेन आनाले कायले गेला असता?"

"मंग बोलले काहून नाही?"

"काय बोलू? एकोनीस वर्साचं पोट्टं तू. सारं गाव वाहवा करून राहिलं होतं, त्यात बापानंच तुले उघडा पाडू? म्हनलं, आज ना उद्या सांगन. तुयं लग्न झालं, पोरगी झाली, तरी तू सांगनाच. मंग दुकानायत इचारत होतो. त्यायले नाही इचारत होतो मी. तुले इचारत होतो."

मी रडत होतो, आणि खोटं कशाला बोलू, मला त्यांचा रागही आला होता. इतकी वर्षं मी एकटा हे ओझं वाहतोय असं समजत होतो, आणि हा माणूस शेजारी बसून सगळं पाहत होता. रागानेच मी विचारलं, "मालूम होतं त खाट नदीवर काहून नाही नेली? झोपत काहून राहिले तिच्यावर?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी अडाणीपणाचं बोललो होतो.

"अन् ते खरंच अडकली असन त?" ते म्हणाले. "नदीवर एकली सोडू तिले?"

बाहेर बायको पोरीला हात धू म्हणून रागावत होती.

"हाय का माय, बाबा?" मी विचारलं. "खरंच हाय?"

"मले काय मालूम. इतक्या वर्सात एक खेप बी बोलली नाही. मीच बोलतो." त्यांनी गुडघ्यावर हात टेकून उठायचा प्रयत्न केला, मी हात दिला. "कोन्या साली धान किती झालं, तुले नोकरी लागली, नात झाली, आता दिवाण घेतला. सारं सांगतलं. तुयी तेवढी गोष्ट नाही सांगतली म्या. ते तुयं काम हाय."

ते आत गेले आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

मी किती वेळ उभा होतो, ठाऊक नाही. पाणी आणायला कुठे जायचं नव्हतं. मग मी खाटेला लागून खाली फरशीवर बसलो. दोरी माझ्या तोंडासमोर होती.

"माय," मी म्हणालो, "तू खाली घे म्हनली ते मले आयकू आलं होतं. दोन्ही खेपा आयकू आलं होतं."